रडायचं कॅथेड्रल

अंजूने देवाशिवायचं देऊळ काढायला घेतलं, तेव्हा तिच्या बंजारा तांड्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. असता तर तिच्या बापाने, हरिसिंग राठोडाने, तिला नागपूरहून पहिल्या बसने परत आणलं असतं. बाई, तुला लोकांची घरं काढायला शिकायला पाठवलं, मधेच ही काय अवदसा आठवली, असंही विचारलं असतं. पण आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला पोरं असं काहीबाही काढतात आणि मास्तर लोक त्याला मार्कही देतात, हे दिग्रसच्या पलीकडे कापूस वेचणाऱ्या माणसांना कळायचं कसं?

झालं होतं असं, की कॉलेजातल्या मॅडमनी एका परदेशी स्पर्धेचा विषय थिसिससाठी सुचवला. आजच्या धर्मावर टीका करणारं एक कॅथेड्रल कल्पायचं. बांधायचं नाही, नुसतं कल्पायचं. कॅथेड्रल म्हणजे ख्रिस्ती लोकांचं थोरलं देऊळ. अंजूने ते चित्रांत तेवढं पाहिलेलं. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापली टीका चटकन उरकली. एकाने दानपेटीच्या आकाराची इमारत काढली, एकीने मॉल काढला, एकाने भिंतीभर आरसे लावून भक्तांना सेल्फीसाठी उभं केलं. मॅडम खूश होत्या. अंजूला मात्र हे पोरकट वाटलं. देव बाजारात बसला हे तर शेंबडं पोरही सांगेल. तिचा धर्मावर एकच राग होता, आणि तो नेमका होता. धर्माने तिच्या आईला रडू दिलं नव्हतं.

ती हकिगत आधी सांगायला हवी. अंजूचा धाकटा भाऊ जीवन दिग्रसला साउंडचं काम करायचा. लग्न असो, वाढदिवस असो, जीवनचे भोंगे ठरलेले. पोरगा हसरा, थोडा उधळ्या, आईचा फार लाडका. तांड्यात देवीचं नवं मंदिर झालं, कळस चढवायचा म्हणून सप्ताह बसला, तेव्हा भोंगे बांधायला बाहेरचा माणूस कशाला पाहिजे होता? सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला भोंगा बांधायला जीवन खांबावर चढला. हातातली लोखंडी नळी वरच्या तारेला लागली. खाली पडला तेव्हाच त्याचा जीव गेलेला होता.

सप्ताह थांबला नाही. तो मधेच थांबवता येत नाही म्हणतात. तांड्याचा नाईक भीमसिंग हाच मंदिर समितीचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. त्याने जीवनला लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडवलेलं. त्याला काही सुचेना म्हणून त्याने कथा सांगायला आलेल्या महाराजांना विचारलं. महाराजांनी माइकवरूनच निवाडा दिला. जो देवाच्या कामात गेला त्याला थेट मोक्ष, आणि त्याच्यासाठी जो रडेल तो त्याचे पाय मागे ओढेल. मांडवाने टाळ्या वाजवल्या. ज्या भोंग्यातून हे सगळं ऐकू गेलं तो जीवननेच आदल्या दिवशी बांधला होता.

आता गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाईला रडू नको म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे बायांचं रडणं ही एक रीत आहे. त्याला ढावलो म्हणतात. नवरी सासरी निघाली, माहेरची बाई वर्षाने भेटली, घरातलं माणूस गेलं, की एक बाई दुसरीच्या गळ्यात पडते, मानेवर मान टाकते, आणि रडता रडता गाते. गेलेल्याचं नाव, त्याच्या खोड्या, त्याला काय खायला आवडायचं, सगळं त्यात येतं. एकीचा दम सरला की दुसरी उचलते. जीवनची आई संगीता यात अख्ख्या पंचक्रोशीत एक नंबर. दुसऱ्यांच्या दुःखात तिला निरोप धाडून बोलवायचे. ती गळ्यात पडली की कोरड्या डोळ्यांची सासूसुद्धा सुनेसाठी रडायची. त्या दिवशी स्वतःच्या पोराच्या उशाशी बसून तिने सूर लावायला तोंड उघडलं आणि दोघीजणींनी तिच्या तोंडावर पदर दाबला.

अंजू दुपारच्या बसने पोचली तेव्हा नाईक वाटेतच भेटला. "बाई, तू शिकलेली हायेस," तो हात जोडून म्हणाला. "तुह्या याडीले तूच समजाव. कळस चढू दे म्हणा, मंग रडा पोटभर. तोवर दम धरा." याडी म्हणजे आई. घरात त्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. आपण सगळं वऱ्हाडीतच ऐकू. अंजू घरात गेली. तिने भावाचा चेहरा पाहिला आणि तिला काही कळेनासं झालं. आईशेजारी उभी राहून, तिचा हात धरून, ती एवढंच म्हणाली, "याडी, शांत राह." संगीताने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. जीवनला चुपचाप माती दिली.

शेवटच्या दिवशी तर कहर झाला. कळस चढला, आणि 'पुण्यवान माता' म्हणून संगीताला स्टेजवर बोलावून साडी-नारळ देऊन तिचा सत्कार केला. तिने तो घेतला. मग सगळे तिला म्हणाले, आता रड बाई. पण भुकेची वेळ टळली की भूक मरते, तसंच काहीसं झालं असावं. तिला रडू येईना. सत्काराचा नारळ तिने लाल कपड्यात गुंडाळून लोखंडी पेटीवर ठेवला. फोडला नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. तेव्हापासून ती दोन घास खायची, वावरात जायची, विचारलं तेवढं बोलायची. तिला बोलावून नेणाऱ्या बायाही आता तिच्या दारावरून मान खाली घालून जायच्या. वर्ष सरलं तरी तिचं ते तसंच राहिलं.

म्हणून अंजूने उलटं कॅथेड्रल काढलं. बाकीची देवळं आभाळात चढतात, तिचं जमिनीत उतरत होतं. शिखर नाही, घंटा नाही, मूर्ती नाही, भोंगा तर नाहीच नाही. एक गोल खड्डा, त्याच्या कडेने फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या, तळाशी दगडाची एकच बैठक. भोवती माती, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. जो खाली उतरेल त्याने तिथे बसावं आणि हवं तितकं रडावं, कुणी ऐकणार नाही, कुणी थांबवणार नाही. शीटखाली तिने लिहिलं, की आजच्या धर्माकडे माणसाला गाण्यासाठी, नाचण्यासाठी, रांगेत उभं राहण्यासाठी जागा आहे, फक्त रडण्यासाठी नाही. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

पण अंजूचं समाधान कागदावर होईना. तिला मार्क नको होते. तिला आईचं रडणं हवं होतं.

हरिसिंगच्या वावरात एक अर्धवट विहीर पडून होती. वर काळी माती, मग मुरूम, मग असा खडक लागला की खणणाऱ्यांनी हात टेकले. पाण्याचा थेंब नाही. दिवाळीनंतर अंजू घरी आली आणि बापाच्या मागे लागली की मला ती विहीर दे. कॉलेजचं काम आहे म्हणाली. हरिसिंगने डोकं खाजवलं. "पाणी तं नाई लागत तिले. तू काय काढशीन तिच्यातून?" त्याने विचारलं. तरी पोरीला नाही म्हणवेना. दिग्रसहून दोन गवंडी आले. अंजू दिवसभर त्यांच्याबरोबर उन्हात उभी. कडेने दगडी पायऱ्या बसल्या, भिंतीला नुसते दगडावर दगड रचून सुकं पिचिंग झालं, तळाशी काळ्या दगडाची बैठक आली, एका बाईला मांडी घालून बसता येईल एवढीच. काम झाल्यावर तिने स्पर्धेसाठी फोटो काढले. रिकामी विहीर, रिकामी बैठक, वर आभाळाचा गोल तुकडा. फोटो फार सुरेख आले.

मग एका दुपारी ती आईला घेऊन गेली. तुरीला शेंगा धरल्या होत्या. संगीता काठावर उभी राहून खाली बघत राहिली.

"हे काय केलं व तू?"

"तुह्यासाठी केलं, याडी. खाली जा. इथं देव नाई, महाराज नाई, समिती नाई. कोणी आयकत नाई. जीवनसाठी जेवढं रडायचं तेवढं रड."

संगीताने चपला काढल्या. तिथेच अंजूच्या मनात शंका यायला हवी होती, पण ती आली नाही. आई एक एक पायरी उतरत खाली गेली आणि अंजू बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. तिने कान दिला. पोपट तुरीवर उतरत होते, लांब कुठे ट्रॅक्टर चालू होता. खालून काही आवाज येत नव्हता. अंजू स्वतःला सांगत राहिली की आवाज बाहेर येणार नाही अशीच तर आपण विहीर बांधली. हात घट्ट आवळून ती बसून राहिली, आणि किती दिवसांनी तिने मनातल्या मनात चक्क प्रार्थना केली. कुणाची केली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

संगीता वर आली. डोळे कोरडे. पण चेहऱ्यावर वर्षभर नव्हतं असं काहीतरी होतं, एक शांतपणा.

"रडली?" अंजूने विचारलं.

"नाई व माय. जागा भल्ली चांगली हाय. थंडी हाय. पण रिकामी काहून ठेवली?"

"रिकामीच ठेवायची हाय ते."

"रिकाम्या जागेत कोणी काय करन?" संगीता म्हणाली आणि चपला घालून घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजू नागपूरला जायच्या आधी विहिरीवर गेली, तर तळाच्या बैठकीवर तो नारळ ठेवलेला. लाल कपडा सोडलेला, नारळाला शेंदूर फासलेला, समोर दिवा. बाईने बसावं म्हणून केलेली एकुलती एक जागा नारळाने घेतली होती. तो नारळ उचलून तुरीत भिरकावून द्यावा असं तिला वाटलं आणि तिने हातही पुढे केला. मग तो नारळ आईला कशासाठी मिळाला होता ते आठवलं, आणि हात तसाच मागे आला. बसची वेळ झाली होती.

यानंतरचं सगळं ज्याला आपला मुलूख माहीत आहे त्याला सांगायलाच नको. शेजारच्या वावरातली बेबीताई, रामराव पाटलाची बायको, बांधावरून रोज बघायची की संगीता सकाळ-संध्याकाळ खड्ड्यात उतरते आणि निवांत चेहऱ्याने वर येते. बेबीताईच्या सुरभीचं लग्न जमत नव्हतं. तिने एक दिवस विचारलं, "संगीताबाई, काय हाय व खाली?" संगीता म्हणाली, "माही देवी हाय." बेबीताई उतरली, हळदीकुंकू वाहिलं, नवस बोलली. सुरभीचं लग्न त्या उन्हाळ्यात जमणारच होतं, मुलगा दोनदा बघून गेला होता. पण जमलं ते विहिरीतल्या देवीमुळे. बेबीताईचं माहेर ढाणकीचं, बोलायला मोकळी. तिने ते माहेरी सांगितलं, दिग्रसच्या बाजारात सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं. मंगळवारी बाया यायला लागल्या.

भीमसिंग नाईक आधी रागावला. तांड्यात एक देवी असताना वावरात दुसरी कशाला, असं म्हणत तो तावातावाने आला आणि विहिरीत उतरला. वर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, असं हरिसिंग सांगतो. नारळ ओळखला असेल त्याने. पण डोळे पुसून त्याने काय करावं? पुढच्याच महिन्यात समितीच्या वतीने काठावर लोखंडी कठडा बसवला, उतरायची आणि चढायची रांग वेगळी केली, एक पत्र्याची दानपेटी ठेवली आणि बाभळीवर भोंगा बांधला. बिचाऱ्याला ठाऊक असलेलं प्रायश्चित्त एवढंच होतं.

अंजूला हे फोनवर कळत गेलं. ती बापावर ओरडली. "बा, तो भोंगा काढ. आधी काढ! जीवन त्याच्यापायी मेला ना!"

हरिसिंगने तिला ओरडू दिलं. मग म्हणाला, "पोरी, तुही याडी आता जेवते. भाकर मागून घेते. पायटी उठून आंग धुते, बायाइशी बोलते, कालच्याले तं हासली. वरीसभर माह्या घरात मुकं जनावर होतं. आता तुले आखीन काय पायजे?"

बाप खोटं बोलत नव्हता. आई जगायला लागली होती, आणि ज्यावर अंजूने एवढी शीटं रंगवली त्याच गोष्टीने तिला जगवलं होतं. मग मी चूक आहे का, असं तिने स्वतःला विचारलं. पण आईचा आवाज फोनवर ऐकला की तिला धडकी भरायची. जीवनचं नाव आई आता अशा तऱ्हेने घ्यायची, जसं कुणी नोकरीवर गेलेल्या पोराचं घ्यावं. देवीच्या सेवेत आहे, खूप काम असतं त्याला, वगैरे. तिच्या आत तो पोरगा अजून त्या खांबावरच होता. त्याला खाली उतरवून, मांडीवर घेऊन, रडून मोकळं होणं राहूनच गेलं होतं.

स्पर्धेत अंजूच्या उलट्या कॅथेड्रलचा खास उल्लेख झाला. परीक्षकांनी व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. रिकाम्या विहिरीचे ते सुरेख फोटो पडद्यावर होते. एका वयस्क परीक्षकाने विचारलं, तुम्ही हे खरोखर बांधलंत, मग लोक ते वापरतात का?

"हो," अंजू म्हणाली. "भरपूर वापरतात."

सगळ्यांनी कौतुकाने माना हलवल्या. मग त्याच माणसाने आणखी एक विचारलं. तुमच्या लोकांत दुःख करायची पद्धत काय असते, ती या रचनेत कुठे दिसते? अंजूने ढावलोबद्दल सांगायला सुरुवात केली. एक बाई दुसरीच्या गळ्यात पडते, मानेवर मान टाकते, एकीचा दम सरला की दुसरी उचलते. सांगता सांगता तिने समोर पाहिलं. पडद्यावर तिचीच बैठक होती, एका बाईला मांडी घालून बसता येईल एवढी. बंजाऱ्याच्या घरात जन्मून, लहानपणापासून आईला बायांच्या गळ्यात पाहून, तिने रडायची जागा एकटीसाठी बांधली होती. एकट्या बाईने तिथे जाऊन करायचं काय? हात जोडण्याखेरीज तिला दुसरं काय येणार होतं? आणि त्या दिवशी, पहिल्याच दिवशी, आईला खड्डा नको होता, कॅथेड्रल नको होतं. तिच्या गळ्यात पडेल असं एक माणूस हवं होतं. दुपारच्या बसने ते माणूस आलंही होतं, आणि हात धरून म्हणालं होतं, शांत राह.

मुलाखत कशी संपली ते अंजूला आठवत नाही. सकाळी तिने यवतमाळची बस धरली, तिथून दिग्रसची. वाटेत कळंबच्या स्टँडवर बाया चिंतामणीचा प्रसाद घेऊन चढल्या, एकीने तिलाही दिला. तिने तो मुठीत धरून ठेवला. तिला एकच गोष्ट करायची होती. आईच्या गळ्यात पडायचं. बाकी काही सांगायचं नाही, समजावायचं नाही. तिला ढावलोचे शब्द धड येत नव्हते, पण तिने सुरुवात केली तर आई उचलेल याची तिला खात्री होती. आईने आजवर कुणाचा ढावलो अर्धा सोडला नव्हता.

मंगळवार होता हे तिच्या लक्षात आलं ते वावराजवळ पोचल्यावर. बांधावर गाड्या लागलेल्या, बाभळीखाली नारळ-उदबत्तीचं दुकान, भोंग्यावर आरत्या. जिथे तूर होती तिथे चपलांचा ढीग. ती रांगेत शिरली. बेबीताईने ओळखलं, "अव, आपल्या बाईची पोरगी हाय, जाऊ द्या तिले म्होरं," म्हणून वाट करून दिली. अंजू आपण आखलेल्या पायऱ्या उतरत खाली गेली. तळाशी उदाचा धूर कोंडलेला. आपण हवेसाठी काही ठेवलं नाही, हेही तिच्या तेव्हाच लक्षात आलं. बैठकीवर नारळ, हारांत बुडालेला, आणि त्याच्याशेजारी खाली फरशीवर तिची आई, कपाळभर कुंकू, हातात अंगाऱ्याची वाटी.

"आली माय?" संगीता हसून म्हणाली. ती खरंच हसली.

अंजू गुडघ्यांवर बसली आणि तिने आईच्या गळ्याला मिठी मारली. मानेवर मान टाकली. "याडी," तिने सूर लावला, "माह्या भावाले तारेनं खाल्लं व याडी..." आवाज फाटला. वर्षादीड वर्षाचं सगळं एकदम वर आलं. तिला शब्द सुचत नव्हते. जीवनचं नाव, त्याचा लाल शर्ट, बिनसाखरेचा चहा दिला की रुसणं, जे तोंडात येईल ते ती गाऊ लागली. तिचं अंग थरथरत होतं, केस सुटले होते. आणि आईचा हात तिच्या पाठीवर आला. अंजूला तो नीट जाणवला. आईचा श्वास बदलला. तिच्या छातीत खोल कुठेतरी काहीतरी हललं, गळ्यापर्यंत आलं, ढावलोची पहिली ओढ घेताना बाई जसा श्वास घेते तसा तिने श्वास घेतला.

"अंगात आलं!" पायऱ्यांवरून एक बाई ओरडली. "पोरीच्या अंगात देवी आली व!"

रांगेत एकच गलका झाला. बाया खाली लोटल्या. कुणी अंजूच्या पायावर डोकं ठेवलं, कुणी तिच्या सुटलेल्या केसांत कुंकू भरलं, वर कुणीतरी भोंग्यात जयजयकार सुरू केला. "मी अंजू हावो," ती म्हणत होती, "मले काई नाई झालं, मी रडून राह्यली," पण रडणारी बाई त्या विहिरीत कुणी आजवर पाहिलीच नव्हती, त्यामुळे कुणाला ते कळलं नाही. संगीताने मिठी सोडवली. लेकीला दोन्ही खांद्यांना धरून दूर केलं, तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मागे सरकून तिने पदर डोक्यावर ओढला आणि पोटच्या पोरीसमोर हात जोडले.

"माय," ती म्हणाली, "तू आलीच हायेस तं एक विचारतो. माहा जीवन कसा हाय? खुशाल हाय ना तो?"

सगळ्या बाया अंजूच्या तोंडाकडे बघत होत्या. अंजूने आईचे डोळे पाहिले. ते पाण्याच्या अगदी काठाशी आलेले होते. आता फक्त खरं बोलायचं होतं. जीवन मेला, याडी. तो कुठंच नाई. एवढं बोललं असतं तर तो बांध फुटला असता. त्यासाठीच तर ती इतक्या लांबून आली होती, त्यासाठीच हे सगळं बांधलं होतं. शब्द तिच्या जिभेवर होते. पण समोर पदर पसरून बसलेली आई होती, वर्षभर मुक्यासारखी राहून आता कुठे भाकर मागून खाणारी. एवढ्या माणसांदेखत तिच्या पदरात तिचं मेलेलं पोर टाकायचं, आणि तेही देवीच्या तोंडून?

"खुशाल हाय," ती म्हणाली.

"जेवतो ना वेळेवर?"

"जेवतो."

"रडत गिडत तं नाई ना?"

"नाई."

संगीताने डोळे मिटून मोठा सुस्कारा टाकला. उघडले तेव्हा ते स्वच्छ कोरडे होते, आणि आता ते कायमचे तसेच राहणार हे अंजूला कळलं.

"मंग आपण कायले रडाव," ती समाधानाने म्हणाली. तिने पदराने लेकीचे डोळे पुसले, हार बाजूला करून नारळाशेजारी हातभर जागा केली, अंजूला उचलून त्या बैठकीवर बसवलं, आणि वर तोंड करून पुढच्या बाईला खाली यायला सांगितलं.